कशावरून?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो, असं सांगितलं की समोरचा माणूस ठरावीक क्रमाने प्रश्न विचारतो. "हे कायद्यात बसतं का?" "मग यांना मित्र कसे मिळणार?" "गणित कोण घेतं?" मग विज्ञान, मग इंग्रजी, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "पुढे दहावीचं काय?" इतिहास कोण शिकवतं आणि कसा शिकवतं, हे मात्र आजवर मला एकाही माणसाने विचारलेलं नाही. इतिहासात काय एवढं? पुस्तक वाचून दाखवायचं, गोष्टी सांगायच्या, सुट्टीत दोन गड दाखवायचे, झालं काम!

मला विचाराल तर घरी शिकवायला सगळ्यांत अवघड विषय हाच आहे. गणित चुकलं की ताळा जमत नाही, लगेच कळतं. इंग्रजी चुकलं तर कुणीतरी हसतं आणि सुधारतं. इतिहास चुकीच्या पद्धतीने शिकवला तर त्या दिवशी काहीच होत नाही. मूल खूश, आपण खूश, आजी-आजोबा तर फारच खूश. ताळा जमत नाही हे कळायला पंधरा-वीस वर्षं जातात, आणि तेव्हा त्याची किंमत भलत्याच कुणालातरी मोजावी लागते. ती किंमत कोणती, ते पुढे येईलच.

(कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देऊन टाकते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शाळा मिळवून देण्याची जबाबदारी त्याने सरकारवर टाकली आहे. घरी शिकवणाऱ्यांबद्दल तो स्पष्टपणे काही बोलत नाही. परीक्षा द्यायची तर मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. असो. आजचा विषय तो नाही.)

आम्ही राहतो साताऱ्यात, आणि माझं माहेर सांगली. थोरली दहा वर्षांची, धाकटा आठ. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सातारा-सांगली खेप होतेच, त्यामुळे आमचा इतिहासाचा वर्ग बराचसा एस.टी.त भरतो. आणि या पट्ट्यात इतिहासाला काय तोटा! डोकं वर केलं की अजिंक्यतारा, चौकाचौकात पुतळे, प्रत्येक गावाच्या कमानीवर कुणा ना कुणाचं नाव. मुलं इतिहासात बुडूनच वाढतात. तो मुलांना सांगावा का, हा प्रश्नच इथे येत नाही. कसा सांगावा, एवढाच आपल्या हातात असतो.

माझं मत एका वाक्यात सांगायचं तर असं : लहान मुलांना गोष्टी भरपूर सांगाव्यात, रंगवून सांगाव्यात, पण प्रत्येक गोष्टीबरोबर एक प्रश्न त्यांच्या हातात द्यावा : "कशावरून?" आणि ज्या गोष्टी आपल्याला सगळ्यांत जास्त प्रिय आहेत, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न आवर्जून द्यावा.

यात नवीन काही नाही म्हणा. सात-आठ वर्षांची मुलं दिवसातून पन्नास वेळा हेच विचारतात. "ताईने लाडू घेतला." "कशावरून?" "तिच्या फ्रॉकवर चुरा आहे." झाला की पुरावा! आपण हा प्रश्न फक्त इतिहासाच्या दारात चपलांसारखा बाहेर काढून ठेवायला लावतो. तेवढं केलं नाही तरी पुरे.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं? सुरुवात काळापासून. आठ वर्षांच्या मुलाला १६५९ म्हणजे किती जुनं हे कळत नाही. त्याच्या लेखी आजोबांचं लहानपण, शिवाजी महाराज आणि डायनोसॉर हे सगळं "खूप पूर्वी" या एकाच पिशवीत असतं. सनावळ्या पाठ करून घेऊन ती पिशवी काही सुटत नाही. आम्ही आज्या मोजतो. एका आजीचं आयुष्य सत्तर-पंचाहत्तर वर्षं धरलं, तर पाच आज्या एकीमागे एक उभ्या केल्या की पाचवी प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचते. फक्त पाच! धाकट्याला हे इतकं आवडलं की सगळा इतिहास तो आज्यांत मोजतो. गांधीजी एका आजीवर. ग्रँट डफ तीन आज्यांच्या जरा अलीकडे. :)

पहिली आजी घरातच असते, म्हणून पहिला पुरावाही तीच. माझ्या सासूबाई पाटणकडच्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळेत जाणाऱ्या मुलगी होत्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. मुलांनी आजीला विचारून तिची हकिगत लिहून काढली, आणि मग आजीची धाकटी बहीण आली तेव्हा तिलाही तेच प्रश्न विचारले. आजी म्हणते, आम्ही आठ दिवस बाहेर मांडवात झोपलो. बहीण म्हणते, छे, चांगला महिनाभर! आजी म्हणते, आधी आवाज आला. बहीण म्हणते, आधी भांडी पडली. एकच घर, एकच पहाट, सख्ख्या बहिणी. थोरलीने अगदी न्यायाधीशाच्या थाटात विचारलं, "मग खोटं कोण बोलतंय?"

खोटं कुणीच बोलत नाही. इतिहासाचा पहिला धडा मला वाटतं हाच असावा. दोन हकिगती जुळत नाहीत याचा अर्थ त्यांतली एक लबाडी आहे असा नाही. आठवण अशीच असते. भूकंप झाला हे नक्की, पहाटे झाला हे नक्की, लोक बाहेर झोपले हे नक्की. किती दिवस, ते माहीत नाही. त्या दिवसापासून आमच्या वहीत तीन रकाने आले : नक्की, बहुतेक, आणि माहीत नाही. आमचं इतिहासाचं साहित्य म्हणाल तर एवढंच. दुकानात मिळत नाही, पैसेही पडत नाहीत.

दुसरी आजी, म्हणजे पणजी, आता नाही; पण तिच्या काळाचा इतिहास अजून रस्त्यावर भेटतो. कुंडल, येडेमच्छिंद्र, शेणोली ही नावं सातारा-सांगली प्रवासात कुठे ना कुठे येतातच. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शे-दीडशे गावांत प्रतिसरकार चाललं. तंटे सोडवले, सावकार आणि गुंडांना धाक बसवला, बिनखर्चाची लग्नं लावली. त्याला लोक 'पत्री सरकार' म्हणतात. का? कुणी म्हणतं 'प्रति'चं बोलण्यात 'पत्री' झालं. कुणी म्हणतं गुन्हेगारांच्या तळपायांवर काठ्या मारत, बैलांच्या खुरांना पत्री मारतात तशा, म्हणून पत्री. मुलांनी दोन्ही 'बहुतेक'च्या रकान्यात लिहिली.

आणि मग शेणोलीची गाडी. ७ जून १९४३ ला तुफान सेनेच्या लोकांनी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली आणि रक्कम काढून घेतली. यावर मी मुलांना एकच काम दिलं : ही बातमी दोनदा लिहा. एकदा इंग्रज फौजदार म्हणून, एकदा तुफान सेनेतला जवान म्हणून. पहिल्यात 'दरोडा', 'लूट', 'फरारी' हे शब्द आले. दुसऱ्यात 'खजिना', 'जनतेचा पैसा', 'भूमिगत'. गाडी तीच, तारीख तीच, रक्कम तीच. शब्द कोण लिहितो त्यावर ठरतात, हे समजायला दहा वर्षांचं वय पुरतं. आणि म्हणून कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं मी त्यांना सांगितलं नाही हं! आमच्या घरात बाजू स्वच्छ आहे, तुफान सेनेची. पण आपली बाजू ही आपली बाजू आहे एवढं माहीत असावं.

याच धड्यात आणखी एक गंमत निघाली. थोरलीने विचारलं, "सांगली जिल्ह्यातल्या लोकांना पुस्तकात साताऱ्याचं सरकार का म्हणतात?" कारण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. त्याच्याही आधी हा सगळा मुलूख ठिगळाठिगळांचा होता. थोडा इंग्रजांचा, थोडा औंध, सांगली, मिरज, फलटण, जत अशा संस्थानांचा. तुफान सेनेचं कुंडल तर औंध संस्थानातलं. आईचं गाव आणि बाबांचं गाव यांच्यामध्ये जी रेघ आहे ती माणसांनी काढलेली आहे, आणि ती आजीच्या हयातीत काढलेली आहे, हे ऐकून मुलं बराच वेळ नकाशाकडे बघत बसली.

साताऱ्यात राहून एक गोष्ट न सांगणं मला शक्यच वाटत नाही, आणि नेमकी तीच 'लहान मुलांना कशाला' म्हणून टाळली जाते. राजवाड्याजवळच्या शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. वय नऊ, म्हणजे बरोबर माझ्या दोन्ही मुलांच्या मधलं. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. "कशावरून?" या प्रश्नाला इतकं सुंदर उत्तर क्वचित मिळतं : रजिस्टर आहे, त्यात नाव आहे, तारीख आहे.

पण नाव सांगून थांबलं तर ती नुसती जनरल नॉलेजची माहिती झाली. बाबासाहेबांनी स्वतः पुढे इंग्रजीत एक छोटं आत्मकथन लिहिलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात १९०१ सालच्या एका प्रवासाची हकिगत आहे. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर. सुट्टीत त्यांच्याकडे जायला मुलंमुलंच निघाली, नवे कपडे, नव्या टोप्या घालून, मजेत. रेल्वेने मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, आणि जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. बरोबर जेवण होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

सातारा, मसूर, खटाव. आमच्या मुलांची बघितलेली गावं. ही हकिगत ऐकताना ती हलली नाहीत. मग धाकट्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, "पाणी का नाही दिलं?" त्याचं उत्तर देता येतं, अवघड असलं तरी. दुसरा, "आपले पणजोबा तिथे असते तर त्यांनी दिलं असतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही. बहुतेक नसतं दिलं."

सासूबाईंना हे उत्तर आवडलं नाही. मुलांच्या मनात घराबद्दल कशाला किल्मिष भरायचं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं दुःख समजतं. पण पाण्यावाचून रात्र काढलेला मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा होता. माझ्या मुलाने फक्त त्या मुलाच्या जागी स्वतःला बघावं आणि पाणी न देणारे सगळे कुणी परके राक्षस होते असं समजावं, हे मला खोटेपणाचं वाटतं. ती साधी, देवभोळी, आपल्यासारखीच माणसं होती. हे कळलं तर उद्या आपण कुणाला पाणी नाकारत असू तेव्हा आपलं आपल्याला ओळखू येईल.

आता प्रतापगड. साताऱ्यात इतिहास म्हटला की सगळे रस्ते शेवटी तिथेच जातात.

१९ जुलै २०२४ ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडली गेली. तीन वर्षांच्या कराराने आलेली, साताऱ्यात सात महिने, मग पुढे नागपूर वगैरे. सगळ्या गावात उत्साह होता. रांगा लागल्या, आम्हीही लागलो. वस्तू बघून मुलांचे डोळे जे विस्फारले ते कुठल्याही पुस्तकाने विस्फारले नसते. आणि तिथेच आमचा कशावरून सुरू झाला.

या वाघनखांबरोबर एक पेटी आहे, आणि पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा : शिवाजीने मोगल सरदाराला ज्याने मारलं ते हे वाघनख; जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना त्याला पेशव्याच्या प्रधानाने दिलं. हे वाचून दाखवल्याबरोबर धाकटा ओरडला, "मोगल? अफझलखान तर विजापूरचा होता!" बरोबर. तो आदिलशाहीचा सरदार. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला एवढंही धड माहीत नव्हतं. मग थोरलीने वजाबाकी केली. ग्रँट डफ साताऱ्याला १८१८ ते १८२२. प्रतापगडची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. मध्ये १५९ वर्षं, म्हणजे दोनाहून जास्त आज्या. "तेवढे दिवस ते कुणाकडे होतं?" शाब्बास! इतिहास संशोधक नेमका हाच प्रश्न विचारतात. खुद्द लंडनच्या म्युझियमनेच म्हटलेलं आहे की ही वाघनखं महाराजांनीच वापरली असं सिद्ध करता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीही जाहीर आक्षेप घेतला होता.

मग मुलं हिरमुसली का? अजिबात नाही! उलट गोष्ट त्यांना दुप्पट आवडली, कारण आता त्यात एक कोडं होतं. आम्ही वही काढली. नक्की : भेट झाली, खान मारला गेला, आदिलशाही फौजेचा मोड झाला. बहुतेक : शस्त्र. सभासदाच्या बखरीत बिचवा आणि वाघनख आहे, पण ती लिहिली गेली राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला. त्याआधीच्या, महाराजांच्या हयातीतल्या शिवभारतात तलवारीचं वर्णन आहे. माहीत नाही : शामियान्यात दोघं नेमकं काय बोलले. एवढं सगळं लिहून झाल्यावर धाकट्याने उशीचा खान करून त्याचा कोथळा काढलाच, ते वेगळं. त्याला मी अडवलं नाही. आठ वर्षांचं मूल आहे ते.

पण 'कशावरून' विचारायची सवय लागली की माणूस शस्त्रांवर थांबत नाही, माणसांकडेही बघायला लागतो. प्रतापगडावर कोण कुणाच्या बाजूला उभं होतं? खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, आपल्याच मुलखातला. महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक आणि सिद्दी इब्राहीम. खानाच्या फौजेत मंबाजी भोसले, म्हणजे महाराजांच्याच भाऊबंदांतला, शिवाय मोहिते, पांढरे अशी मराठी सरदार घराणी. कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, खंडोजी खोपडे खानाकडे गेला. थोरलीने दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि म्हणाली, "आई, यात हिंदू-मुसलमान असं भांडण दिसतच नाहीये." मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. यादीनेच सांगितलं. धर्म त्या काळात नव्हता असं नव्हे. होता, आणि लोकांच्या मनात खोलवर होता. पण फौजा धर्माप्रमाणे वाटल्या गेल्या नव्हत्या, एवढं यादीवरून स्वच्छ दिसतं.

आता ती किंमत. २००९ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत, मिरजेत दंगल झाली. कारण, एका कमानीवरचं अफझलखानाच्या वधाचं चित्र. सांगली-मिरजेत संचारबंदी लागली, गणपतींचं विसर्जन रखडलं. २०२३ च्या सप्टेंबरात साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, पुसेसावळीला, सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमावाने प्रार्थनास्थळावर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. एक माझ्या माहेरी, एक सासरी.

या दोन्ही वेळी राजकारण होतं, भडकवणारे होते, सगळं मान्य. पण दगड उचलणारे हात आले कुठून? ती मुलं कधीतरी आठ वर्षांची होती. त्यांनाही कुणीतरी, बहुतेक अगदी प्रेमाने, गोष्टी सांगितल्या असतील. गोष्टीत गैर काही नव्हतं. तिच्याबरोबर 'कशावरून' मात्र कुणी दिलं नाही. मग विसाव्या वर्षी फोनवर कुणी काहीही पाठवलं की ते खरंच. आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा हिशेब शेजारच्या गल्लीतल्या जिवंत माणसाकडून वसूल करावासा वाटतो.

यावर मला नेहमी एक आक्षेप ऐकावा लागतो, आणि तो फालतू नाही. लोक म्हणतात, लहानपणी श्रद्धा लागते, अभिमान लागतो. चिकित्सा मोठेपणी करावी. आधी मुळं, मग छाटणी. आम्ही नाही का चौथीत शिवछत्रपती वाचलं, आमचं काय वाईट झालं?

अभिमान लागतो, हे मलाही मान्य आहे. कसलाच अभिमान नसलेलं मूल वाढवण्यात मला रस नाही. पण दोन गोष्टी सांगते. एक, मोठेपणी चिकित्सा करू म्हणणाऱ्यांपैकी किती जण ती खरोखर करतात? बहुतेकांचा इतिहास चौथीतच थांबतो, फक्त त्यांचे आवाज मोठे होतात. दुसरी, जो अभिमान एका प्रश्नाने मोडतो तो मुळातच तकलादू होता. वाघनख लंडनचं खरं की खोटं, यावर महाराजांचं मोठेपण उभं नाही. जावळीच्या जंगलात खानाला आणणं, आपल्या माणसांची पारख, पुढची हालचाल आधीच ठरवून ठेवणं, हे सगळं 'नक्की'च्या रकान्यात आहे. तिथे कितीही वेळा कशावरून विचारा, महाराज उणे होत नाहीत.

शाळेतल्या शिक्षकांना हे करणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, आणि एखादं वाक्य घरी उलटसुलट पोचलं तर दुसऱ्या दिवशी दारात जमाव. त्यांनी जपून बोलावं यात नवल नाही. पण घरी शिकवणाऱ्याला ही सबब नाही. आपल्याला ना तपासनीस ना घंटा. आपण "माहीत नाही" म्हणू शकतो, शंभर वेळा म्हणू शकतो. आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की घरी आपल्याला अडवणारंही कुणी नसतं. आपण द्वेष शिकवला तर तो निवांतपणे, चहा पिता पिता, पुरता शिकवून होतो. म्हणून घरी शिकवणाऱ्यांनी या विषयात शाळेपेक्षा जास्त काटेकोर असायला हवं, कमी नव्हे. आणि जी मुलं शाळेत जातात, त्यांनाही इतिहास निम्मा घरीच शिकवला जातो, जेवताना, टीव्ही बघताना. त्यामुळे हे सगळं तुम्हालाही लागू आहे बरं का!

सांगलीला गेलो की आम्ही मुलांना मिरजेत घेऊन जातो. दंगलीच्या मिरजेत नव्हे; सतारमेकरांच्या मिरजेत. तिथली सतार-तंबोरा बनवणारी शिकलगार घराणी मुळात हत्यारांना धार लावणारी, तलवारी घडवणारी. लढाया थांबल्या, काम गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात पटवर्धनांच्या मिरजेत त्यांनी तेच कसब वाद्यांकडे वळवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा कसा कापतात, तो वाळवतात किती दिवस, तारा कशा जुळवतात, हे मुलं तासभर बघत बसली. धाकट्याने तिथल्या काकांना विचारलंच, "तुम्ही आधी तलवारी करायचा, कशावरून?" ते हसले आणि म्हणाले, "आमच्या आडनावावरून, बाळा." वहीत हे 'बहुतेक'च्या रकान्यात गेलं. आडनाव हा पुरावा चांगला, पण पुरेसा नाही, असं थोरलीचं मत पडलं.

आमच्या मुलांना सनावळ्या कच्च्या येतात. शाळेतल्या मुलांपुढे प्रश्नमंजूषेत ती बहुधा हरतील. त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. सनावळ्या कधीही पाठ करता येतात. मला हवंय ते एवढंच. ती वीस वर्षांची होतील, हातात फोन असेल, आणि एखाद्या सप्टेंबरच्या रात्री कुणीतरी इतिहासाच्या नावाने काहीतरी पेटतं पाठवेल. ते पुढे ढकलायच्या आधी त्यांचा अंगठा जरा थांबावा, आणि मनात आपोआप यावं, कशावरून?

एवढं झालं तर मी समजेन, आमची चौथी पास.